हुस्नाबानोच्या कुर्त्याची लांबी

बकरी विकून झाली होती, पायरी नव्याने बांधून झाली होती, चपला थोरली सून शाजियाने कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या, आणि धाकट्या मुलाने, अरीबने, जिन्यात एवढा मोठा दिवा लावला होता की समोरच्या मेडिकलवाल्याला त्याच्या उजेडात औषधांची नावं वाचता यावीत. हुस्नाबानोच्या मनगटाचं हाड मोडल्यापासून घरातल्या प्रत्येकाने आपापला गुन्हेगार शोधून त्याला शिक्षा देऊन टाकली होती. उरली होती फक्त हुस्नाबानो. तिचं काय करायचं ते आज ठरणार होतं.

निमित्त होतं प्लास्टर निघाल्याच्या दावतीचं. दावत तिनेच जाहीर केली होती. "लग्नाची होते, पोराच्या अकीक्याची होते, मंग हाताची काहून नाई?" असं फोनवर म्हणून तिने थोरल्या मुलाला, तौसीफला, बायको आणि मुलीसकट वाशीमहून बोलावून घेतलं होतं. हुस्नाबानो मूळची रिठदची. माहेरच्या गल्लीत मुसलमानांचं तेवढं एकच घर; त्यामुळे ती भांडायला शिकली तीच मुळी वऱ्हाडीत, आणि लग्न होऊन मंगरूळपीरला आल्यावर तिने ती भाषा अख्ख्या सासरच्या गळ्यात घातली. तिच्या नवऱ्याची, उस्मानमियांची, उर्दू आता खालच्या टेलरिंगच्या दुकानात, तीही अनोळखी गिऱ्हाइकांपुरतीच उरली होती.

तौसीफ वाशीमच्या कोर्टात कारकून होता. दिवसभर वकिलांचं ऐकून ऐकून त्याला मुद्द्यांशिवाय बोलता येत नसे. बिर्याणीचं झाकणही उघडलं नव्हतं, तर त्याने सुरुवात केली.

"अम्मी, पहिला मुद्दा. हा जिना. दिवसातून किती खेपा करतं तू?"

"नळ खाली, चूल वर. खेपा नाई करीन त पानी काय उडून येईन?"

"म्हनूनच म्हनतो, वाशीमले चाल. आमचं घर सपाट आहे. जिना नाई, बकरी नाई."

"बकरी त अथी बी नाई आता. तुह्या अब्बानं विकली. बिचारी रोज त्या पायरीवर बसत जाये, कधी कोनाले पाडलं नाई."

"तुले पाडलं ना!"

"मले कोनी नाई पाडलं. मी नुसता हात टेकला."

हेच ती दोन महिने सांगत आली होती. शेवटच्या पायरीवर जरासा तोल गेला, तिने जमिनीला हात टेकला, आणि वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. एवढ्याने कुठे हाड मोडतं का? कुणालाच पटेना. म्हणून तर बकरीवर आळ गेला.

वाशीमच्या हाडांच्या डॉक्टरांना मात्र बकरीत काही रस नव्हता. एवढ्याशा टेकण्याने मनगट मोडलं म्हणजे हाडं आतून ठिसूळ झाली असतील, अकोल्याला तपासणी करून घ्या, असं ते म्हणाले होते. मग त्यांनी विचारलं, पाठ दुखते का? "नाई," हुस्नाबानोने सांगितलं. गव्हाचा डबा उचलताना पाठीत कट्कन काहीतरी झालं होतं आणि तेव्हापासून ती बाम चोळून झोपत होती. पण मनगट घेऊन आलेल्या बाईने पाठीचं गाऱ्हाणं काय म्हणून सांगायचं? उंची कमी झाल्यासारखी वाटते का, या प्रश्नाला तर उस्मानमियां स्वतः पुढे झाले होते.

"डॉक्टरसाहेब, मी टेलर आहो. इचे कपडे लग्नापासून मीच शिवतो. सुताचा फरक पडला असता त मले समजला नसता?"

डॉक्टर म्हणाले, तरी तपासून घ्या. ती चिठ्ठी तौसीफने पाकिटात ठेवली आणि सगळेजण निर्धास्त झाले. एवढा मोठा टेलर छातीठोकपणे सांगतोय म्हटल्यावर अकोल्याला कोण जातो?

"दुसरा मुद्दा," तौसीफ म्हणाला.

"दुसरा मुद्दा जेवल्यावर," शाजिया म्हणाली आणि सासूच्या हातातला जड चमचा काढून घेऊन स्वतः वाढायला बसली. प्लास्टरमधून निघालेलं मनगट भेंडीसारखं बारीक दिसत होतं, आणि हुस्नाबानो त्याच मनगटाने बिर्याणीची डेग हलवायला निघाली होती.

जेवताना पक्ष पडले. तौसीफ एकीकडे. त्याची बायको आणि मुलगी त्याच्याच बाजूच्या, असं त्याने धरून चाललेलं. दुसरीकडे उस्मानमियां आणि अरीब. अरीब हे शेंडेफळ. तिशी ओलांडली होती, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, पण पोळीचा तुकडा आईने ताटात टाकल्याशिवाय अजून त्याचा घास उतरत नसे.

"भाई, अम्मी गेली त अब्बाच्या जेवनाचं काय?" त्याने विचारलं.

"अब्बाच्या का तुह्या?"

"दोघाच्या बी."

"लगन कर मंग."

"माह्या लग्नाचा अन् अम्मीच्या हाडाचा काय संबंध?"

"ती कुठी जानार नाई," उस्मानमियां ताटावरून मान न उचलता म्हणाले. "माह्या घरात मी तिले सांभाळतो. झालं."

हुस्नाबानोने ते ऐकलं आणि दालच्याची वाटी पुन्हा भरून घेतली. तिला तेवढंच हवं होतं. वाशीम वाईट आहे असं तिचं म्हणणं नव्हतं. सून सोन्यासारखी, घर आरशासारखं, टीव्ही तर भिंतीएवढा. पण त्या घरात तिने दिवसभर काय करायचं? इथे खालून मशीनचा आवाज येत असतो. तो आवाज ऐकून तिला नवऱ्याचा मूड कळतो. भरभर चालली तर खुशीत, अडखळत चालली तर गिऱ्हाईक डोकं खातंय, आणि बराच वेळ थांबली तर चहा पाठवायची वेळ झाली. अर्ध्या शतकाचा संसार तिने असा वरून कान देऊन केला होता. वाशीमला कुणाच्या चहाची वेळ तिला कळणार होती? जोवर हा माणूस नाही म्हणतोय तोवर कोर्टाचे सगळे मुद्दे एका बाजूला, अशी तिची खात्री होती.

हात धुऊन झाले तशी इफ्रा उठली. तौसीफची ही मुलगी कॉलेजात शिकत होती आणि कालपासून पिशवीत काहीतरी लपवून हसत होती.

"दादी, डोये मीट."

"मीटतो, पन बकरी आनली असन त वापस घेऊन जाय. तुह्या दादाचा भरोसा नाई."

पिशवीतून जांभळा कुर्ता निघाला. गळ्याला बारीक कशिदा, बाह्यांना जाळी. हुस्नाबानोने आधी कुर्त्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून तिच्या अंगाला दुसऱ्याच्या हातचा टाका लागलेला नव्हता.

"घाल, घाल," उस्मानमियां मोठ्या मनाने म्हणाले. "पोरीनं हौसेनं आनला." मनातून त्यांना रेडीमेड म्हटलं की पोटात दुखायचं, पण नातीपुढे बोलणार कसे?

ती आतून घालून आली. खांदे बरोबर बसले होते, घेर बरोबर होता. पण कुर्ता गुडघ्याखाली सुटला तो पिंढऱ्यांवर लोंबत होता. पुढून खाली आला होता, मागून वर चढला होता. अरीब खदाखदा हसायला लागला.

"अम्मी, हा कुर्ता व्हय का गाऊन?"

हुस्नाबानोनेही गिरकी घेतली. "गाऊनच व्हय. आता मी इंग्लिशच बोलतो पाहा."

सगळ्यात जास्त खूश झाले उस्मानमियां. ते उठून तिच्याभोवती फिरले आणि जरा रागावलेल्या हेडमास्तरासारखे म्हणाले, "हे पाहा तुमचं रेडीमेड. पुढून लोंबते, मागून उचलते. डोये मिटून कापलं बेट्यानं. माप घेतलं नाई, काई नाई."

इफ्राचा चेहरा पडला. "दादा, मी माप देल्लं होतं ना. दादीचाच कुर्ता घेऊन गेली होती मी पाटणी चौकात. दुकानदारानं त्याच मापाचा काढून देल्ला." तिने पिशवीच्या तळातून एक विटका हिरवा कुर्ता काढला. "मी सातवीत होती तवा दादी आमच्याकडे राह्यली होती. तवा इसरली. तुमीच शिवला आहे, पाहा."

पाहायची गरज नव्हती. आपल्या हातची शिवण उस्मानमियांनी अंधारातही ओळखली असती. त्यांनी हिरवा कुर्ता जमिनीवर पसरला, हाताने सरळ केला, आणि बायकोला म्हणाले, "तो काढ. हा घाल."

"आता नवीन सोडून जुना काहून घालू?"

"घाल म्हनलं ना, बानो."

आवाजातला फरक तिलाच कळला. ती मुकाट्याने गेली आणि हिरवा कुर्ता घालून आली. तोही तसाच. खांदे बरोबर, घेर बरोबर, आणि पुढून नडग्यांवर लोंबलेला. अरीबचं हसू अर्ध्यात थांबलं.

"कपडा ताणला असन," तो म्हणाला.

"सुती आहे. आटते, ताणत नाई," उस्मानमियां म्हणाले आणि खाटेवर बसले.

त्यांना आता एकेक ईद आठवत होती. दर ईदला ते तिला दारात उभं करून माप घेत. एका वर्षी लांबी बोटभर कमी भरली. टेप सैल झाली असेल म्हणून त्यांनी नवी टेप आणली. पुढच्या वर्षी अजून बोटभर. मग त्यांनी विचार करणंच सोडून दिलं. हात आपोआप लांबी कमी ठेवायला लागले. ती पुढे वाकायला लागली तसे ते पुढून जास्त कापायचे आणि मागून कमी, मानेमागे थोडा उतार जास्त ठेवायचे, म्हणजे पाठीचा बाक दिसायचा नाही. गिऱ्हाइकाचा खांदा पडका असला तर आत पातळ गादी घालून द्यायची, पोट सुटलं असलं तर चुण्या घालून द्यायच्या, हा त्यांचा धंदाच होता. बायकोचंही त्यांनी असंच झाकलं, आणि इतक्या सफाईने झाकलं की ते डॉक्टरपासून झाकलं गेलं. सुताचा फरक नाही म्हणे!

"इफ्रा," शाजियाने हळूच विचारलं, "डॉक्टरनं उंचीचं काहून इचारलं होतं?"

इफ्राने तोवर मोबाइलमध्ये डोकं घातलंच होतं. "हाडं ठिसूळ झाले का पाठीचे मणके दबतात म्हने. मानूस बुटका होते. वाकते. कधी कधी नुसतं काही उचललं तरी मणका पिचकते अन् समजतबी नाई." तिने मान वर केली. "दादी, तुही पाठ दुखते का?"

हुस्नाबानो उठली. लगबगीने ताटं गोळा करायला लागली, म्हणजे सगळ्यांना उत्तर मिळालं.

"तौसीफ," उस्मानमियां म्हणाले, "घेऊन जा इले."

"कुठी, अब्बा?"

"तुह्या घरी. वाशीमले. तुह्यं बरोबर आहे. माह्याच्यानं हिचं सांभाळनं होत नाई."

हुस्नाबानोच्या हातातलं ताट तिथेच राहिलं. "काय म्हनले तुमी?"

पण उस्मानमियां जिना उतरून दुकानात निघून गेले होते.

खटला जिंकल्यावर माणसाने खूश व्हायला हवं. तौसीफ मात्र बापाच्या रिकाम्या जागेकडे पाहत बसला. बापाने आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बरोबर म्हटलं होतं, आणि ते ऐकून त्याला भीती वाटली.

"बरं मंग," तो शेवटी बायकोला म्हणाला, "अम्मीचे कपडे भर."

"मी नाई भरत," शाजिया म्हणाली.

"काय?"

"अम्मी येनार नाई. मी नाई आनू देत."

आता अरीबसुद्धा सरळ होऊन बसला. ही बाई भाईच्या पक्षातली, असं सगळेच धरून चालले होते.

"म्हंजे तुले माही अम्मी नको?" तौसीफचा आवाज चढला.

"तोंड सांभाळा. मले पाह्यजे म्हनूनच म्हनते." शाजिया शाळेत शिकवायची. वर्गाला गप्प करायचा तिचा आवाज घरात क्वचितच निघे, तो आज निघाला. "आपल्या घरच्या फरश्या पाह्यल्या का कधी? दर जुम्म्याले धुता धुता मीच घसरते. अन् दिवसभर घरी कोन राह्यते? तुमी कोर्टात, मी शाळेत, हे पोरगी कॉलेजात. अम्मी काय करन? सोफ्यावर बसन. कोनी म्हनन उठू नको, कोनी म्हनन वाकू नको, आमी आहो ना."

"त काय वाईट आहे त्याच्यात?"

"माह्या अम्मीले आमी असंच आनलं होतं." शाजियाने ओढणी तोंडाला लावली आणि पुन्हा बाजूला केली. "लय सांभाळलं. पान्याचा गिलासबी हाती देत जाऊ. पाय काडीवानी झाले तिचे. अन् एका सकाळी नुसती उभी राह्यली अन् पडली. खुब्याचं हाड गेलं. मंग उठलीच नाई. लोक म्हनतात पडून मेली. मी म्हनते, आमी बसवून बसवून मारली."

ही गोष्ट तिने या घरात कधी सांगितली नव्हती. हुस्नाबानो ताटं तिथेच ठेवून सुनेजवळ आली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सासूला आता त्यासाठी हात बराच वर न्यावा लागतो, हे शाजियाच्या तेव्हा लक्षात आलं आणि तिला जास्तच रडू फुटलं.

"मंग कराचं काय?" तौसीफने विचारलं. आवाजात मुद्दा नव्हता.

"उद्या अकोला. ते चिठ्ठी काढा पाकिटातून. हाडात किती जीव राह्यला ते आधी पाहू. मंग गोया म्हना, इंजेक्शन म्हना, डॉक्टर सांगतीन ते, अन् मधात बंद नाई कराचं. दूध, ऊन. अन् अम्मीनं चालत राह्यलं पाह्यजे, काम करत राह्यलं पाह्यजे. फकस्त वजन उचलाचं नाई, अन् हा जिना नाई."

"नळ वर घेता येईन," अरीब म्हणाला. "मोटर बसवतो."

"अन् संडास? अन् दारावर भाजीवाली आली त?" शाजियाने विचारलं.

"तुमचं चालू द्या," हुस्नाबानो म्हणाली. "मी जरा खाली जाऊन येतो."

"अम्मी, जिना!" तिघंचौघं एकदम ओरडले.

"माहीत आहे जिना आहे म्हनून. बसून उतरतो."

आणि ती खरोखर बसून उतरली. एकेका पायरीवर बूड टेकत, हिरवा लांब कुर्ता घालून. तो पायात अडकू नये म्हणून मागून शाजियाने त्याचा घोळ उचलून धरला होता, आणि खालून अरीब हात पसरून उलटा उतरत होता. इफ्राला हसू आवरेना. नवरीची वरातही एवढ्या थाटात उतरली नसती.

दुकानात उस्मानमियां मशीनपुढे बसले होते. सुईखाली कापड नव्हतं. हुस्नाबानो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली.

"मले पाठवून राह्यले तुमी?"

"बानो, दर ईदले मी तुले कापत राह्यलो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "थोडं थोडं करून. अन् डॉक्टरले सांगतलं, सुताचा फरक नाई."

"कुर्ता कापला. मले थोडीच कापलं."

"एकच झालं."

"मले ठाऊक होतं."

उस्मानमियांनी मान वळवली. "काय ठाऊक होतं?"

"का मी बुटकी होऊन राह्यली. वरच्या फळीवरचा तिखटाचा डबा हाती येईना, तवाच समजलं. म्हनलं, आता कपडे लोंबतीन, बाया हसतीन. अन् ईदले तुमी बरोबर कमी करून आनले. एक शब्द बोलले नाई. मले एवढं बरं वाटलं जी! म्हनलं, हा मानूस समजून घेते." तिने पदरासारखी ओढणी बोटाला गुंडाळली. "मंग मीबी नाई बोलली."

"मले वाटलं तुले वाईट वाटन."

"अन् मले वाटलं तुमाले."

"अन् तुमच्या या वाटन्यात हात मोडला," जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेली शाजिया म्हणाली.

अरीबला हसू फुटलं. हुस्नाबानोही हसली, आणि हसता हसता तिने पाठीवर हात ठेवला. उस्मानमियांनी तो हात पाहिला.

"दुखते?"

"दुखते."

"कवापासून?"

"गव्हाचा डबा उचलला तवापासून. अजून इचारा, सगळं सांगतो आज."

"तवापासून!" उस्मानमियां उठून उभे राहिले. त्यांनी दुकानाकडे पाहिलं. कापायचं टेबल, आरसा, लटकलेले शेरवानीचे नमुने, आणि समोर रस्ता. या रस्त्याला लागून त्यांचे अब्बा बसत, मग ते बसले. दर्ग्याकडे जाणारा येणारा निम्मा गाव इथून सलाम करून जायचा, आणि त्यातले निम्मे काही शिवायला नाही, नुसतं बोलायला थांबायचे. हा रस्ता सोडायचा म्हणजे त्यांच्या जिवावर येत होतं. तरी ते बोलले.

"अरीब, मशीन वर ने."

"दुरुस्तीले?"

"दुकान वर जाईन. चूल खाली येईन. खाट खाली येईन. नळ अथीच आहे, मागं संडास आहे, दारात ऊन येते. आता इले जिन्याचं कामच काय?"

तौसीफ धावत खाली आला. "अब्बा, रस्त्यावरचं दुकान आहे हे! लोक जिना चढून येतीन का कपडे शिवाले?"

"ज्याले शिवाचे तो चढन. ज्याले गप्पा माराच्या तो अथी तुह्या अम्मीसंग मारन."

"तुमाले करमन का वर?" हुस्नाबानोने विचारलं. ती एकदम हळू झाली होती. नवऱ्याला रस्त्याची काय गोडी आहे ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? "सलाम कोनाले करसान?"

"दिवसातून दोनदा त उतरीन ना. तवा साऱ्याइचे घेऊन टाकीन." मग ते म्हणाले, "तू वाशीमले गेली असती, त मले अथीबी करमलं नसतं."

हे वाक्य त्यांनी मुलांसमोर, सुनेसमोर, नातीसमोर म्हटलं. हुस्नाबानो लाजली, आणि लाज झाकायला लगेच हुकूम सोडायला लागली. खाट दाराशी हवी, रस्ता दिसेल अशी. चूल आडोशाला. आणि कुणी टेलर कुठे विचारलं तर ती सांगेल, वर गेले.

"तोबा कर!" अरीब म्हणाला. "अब्बा जिते आहेत."

"मंग काय सांगू? माडीवर बसले म्हनू?"

तासाभरात गल्ली गोळा झाली. तौसीफ आणि अरीबने मशीन उचललं. तिसऱ्या पायरीवर तौसीफने जिना फार अरुंद असल्याचा मुद्दा मांडला, पण तोही चढता चढताच. इफ्राने कैच्या, दोऱ्याची रिळं, बटणांचे डबे वर नेले. शाजियाने खालची फरशी खरखरीत आहे की नाही ते पायाने घासून तपासलं आणि दारातली पायपुसणी उचलून फेकली, कारण ती सरकत होती. हुस्नाबानो खाटेवर बसून रस्त्याकडे पाहत होती. एवढी वर्षं तिने हा रस्ता फक्त कानांनी ऐकला होता. भाजीवाली थांबली, मेडिकलवाला येऊन गेला, आणि बकरी कुणाला विकली तेही तिला अर्ध्या तासात कळलं.

"हे लोंबतं कापा आता," ती नवऱ्याला म्हणाली. "पन साऱ्याइच्या समोर कापा. अन् किती ते मोठ्यानं सांगा."

उस्मानमियांनी तिला दारात उभं केलं. गुडघे टेकून बसले, टेप लावली, दोनदा मोजलं.

"पुढून चार बोटं. मागून अडीच. इफ्रा, मोबाइलमध्ये घे. डॉक्टरले हेच सांगाचं."

"अन् पाठीचं?" इफ्राने विचारलं.

"तेबी मी सांगतो," हुस्नाबानो म्हणाली. "आता मले गप्प कोन बसवते?"

अकोल्याला सगळ्यांनीच जायचं ठरलं. संध्याकाळी तिघं वाशीमला निघाले. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो, असं तौसीफने तीनदा सांगितलं आणि आईच्या कपड्यांच्या बॅगेचं नावही काढलं नाही. अरीब त्यांना चौकापर्यंत सोडायला गेला. दुकान उद्यापासून वर सुरू होणार होतं, पण उस्मानमियांना दम कुठला? कशिदा केलेला जांभळा कुर्ता खांद्यावर टाकून ते निघाले. त्याची लांबी त्यांना आजच कमी करायची होती. नेहमीच्या सवयीने ते तरातरा जिन्याकडे वळले.

"अजी," हुस्नाबानोने खाटेवरून हाक मारली, "भिंत धरून चढा. तुमची हाडं माह्यापेक्षा जुनी आहेत. उद्या तुमची बी तपासनी करून घेऊ."

'मले काय झालं' हे उस्मानमियांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"बरं," ते म्हणाले, आणि भिंतीला हात लावून सावकाश चढायला लागले.